सीमाभागातला बसप्रवास: वाढलेले दर, दोन राज्यांच्या सवलती आणि योग्य तिकीट

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकातून निपाणीची बस सुटते, मागोमाग कोल्हापूरची. निपाणीपर्यंत रस्ता एकच आणि प्रवासाचा वेळही जवळपास सारखाच. तरी निपाणीला जाणाऱ्या महिलेला पहिल्या बसमध्ये शून्य रुपयांचं तिकीट मिळतं, तर दुसऱ्या बसमध्ये पूर्ण भाडं द्यावं लागू शकतं. सीमाभागात भाडं फक्त अंतरावर ठरत नाही. गाडी कोणत्या राज्याची, पाटीवर शेवटचं गाव कोणतं आणि तुमच्या ओळखपत्रावर पत्ता कुठला, या तीन गोष्टी चढण्यापूर्वी पाहिल्या तर पैसे वाचतात आणि कंडक्टरशी होणारे बहुतेक वाद टळतात.

दर कधी आणि किती वाढले

कर्नाटकात ५ जानेवारी २०२५ पासून चारही परिवहन महामंडळांचं भाडं १५ टक्क्यांनी वाढलं. आपल्या भागातल्या बस वायव्य कर्नाटक परिवहनच्या. मुख्यालय हुबळीला आणि बेळगाव जिल्ह्यात दोन विभाग, बेळगाव आणि चिकोडी. निपाणी, संकेश्वर, गोकाक, रायबाग, अथणी हे आगार चिकोडी विभागात येतात. हे लक्षात ठेवायचं कारण असं की पास आणि तक्रारीसाठी योग्य विभागाच्या दारात जावं लागतं. निपाणीचं काम घेऊन बेळगाव विभागात गेलात तर एक दिवस वाया जातो.

या वाढीला तीन आठवडे व्हायच्या आत, २५ जानेवारी २०२५ पासून, महाराष्ट्राच्या एसटीनेही १४.९५ टक्के भाडेवाढ लागू केली. साध्या गाडीचा सहा किलोमीटरचा एक टप्पा १०.०५ रुपयांचा झाला. म्हणजे सीमा ओलांडून रोज जाणाऱ्या माणसावर एकाच महिन्यात दोन्ही बाजूंनी बोजा पडला.

आंतरराज्य मार्गावर साधारण नियम असा की ज्या राज्यात जितके किलोमीटर, तितक्याला त्या राज्याचा दर, गाडी कोणाचीही असो. म्हणून एका राज्याने दर वाढवले की दुसऱ्या राज्याच्या गाडीतही त्या भागापुरतं तिकीट महागतं. ‘भाडं कर्नाटकाने वाढवलं, एसटीवाला जास्त का घेतो?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

टक्केवारी आणि हातातलं तिकीट यांचा मेळ लागत नाही, त्यामागे तीन कारणं असतात.

पहिलं कारण म्हणजे टप्पा. भाडं प्रत्यक्ष किलोमीटरवर नसतं, टप्प्यांवर असतं. एसटीत ६ किलोमीटरचा एक टप्पा धरला तर २४ किलोमीटरला चार टप्पे होतात आणि २५ किलोमीटरला पाच. शेवटच्या एका किलोमीटरसाठी अख्खा टप्पा मोजावा लागतो. तुमचं गाव टप्प्याच्या हद्दीला लागून असेल तर एक थांबा अलीकडे उतरून चालत जाणं परवडतं का, हे एकदा तपासून पाहावं. रोजच्या प्रवासात हा फरक महिन्याला जाणवण्याइतका होतो.

दुसरं, पूर्णांक. पैशातला आकडा रुपयात आणताना छोट्या तिकिटाला टक्केवारीने जास्त फटका बसतो. लांबच्या तिकिटात तो विरून जातो.

तिसरं कारण टोल. महामार्गाने जाणाऱ्या गाडीच्या भाड्यात टोलचा हिस्सा मिळवलेला असतो. बेळगाव-कोल्हापूर रस्त्यावर हत्तरगी आणि कोगनोळी, बेळगाव-धारवाड रस्त्यावर हिरेबागेवाडी, असे नाके लागतात. त्याच दोन गावांमधली गावागावांतून जाणारी गाडी आणि महामार्गाची गाडी यांच्या तिकिटात त्यामुळे तफावत दिसते. वातानुकूलित गाडीवर ५ टक्के जीएसटी वेगळा. एसटीच्या तिकिटात अपघात साहाय्य निधीचा एक रुपयाही असतो.

आधी पाटी, मग पायरी

परिवहनच्या बसची पाटी कन्नडमध्ये असते आणि नुसतं गावाचं नाव वाचून भागत नाही. गाडीचा प्रकार बघा. सामान्य म्हणजे साधी, वेगदूत म्हणजे जलद, तडेरहित म्हणजे विनाथांबा. राजहंस, ऐरावत, अंबारी, पल्लक्की या आरामगाड्या. कन्नड वाचता येत नसेल तर कंडक्टरला दोनच प्रश्न विचारा: ‘ही गाडी शेवटी कुठे जाते?’ आणि ‘शक्ती (महिलांच्या मोफत प्रवासाची योजना) चालते का?’ दोन्ही खाली उभं राहून विचारायचे. गाडी हलल्यावर विचारलं तर पुढच्या थांब्यापर्यंतचं तिकीट काढावंच लागतं.

विनाथांबा गाडीत आणखी एक अडचण. मधल्या गावी उतरायचं असलं तरी ती थांबत नाही आणि तिकीट मात्र थांब्याच्या गावापर्यंतचं घ्यावं लागतं. हत्तरगी, यमकनमर्डीसारख्या मधल्या गावांना जाणाऱ्यांनी साधी किंवा वेगदूतच धरावी.

शक्ती योजना: शून्य तिकीट नीट मिळण्यासाठी

११ जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या महिला, मुली आणि तृतीयपंथी व्यक्तींना साध्या आणि जलद गाड्यांत राज्याच्या आत मोफत प्रवास आहे. शहर बसलाही तो लागू आहे. आरामगाड्या, स्लीपर आणि वातानुकूलित गाड्या वगळलेल्या आहेत आणि राज्याबाहेर जाणारी गाडीही योजनेत नाही. म्हणूनच बेळगावहून निपाणीला जायचं तर कोल्हापूर, पुणे, मुंबईची पाटी सोडून निपाणीची पाटी असलेली गाडी शोधायची.

१. मूळ ओळखपत्र हातात ठेवा. फोटो आणि कर्नाटकातला पत्ता, दोन्ही त्यावर हवेत. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना यातलं काहीही एक पुरे. झेरॉक्सवर वाद होतो. पर्सच्या तळाशी ठेवलेलं कार्ड गर्दीत काढता येत नाही, ते बाहेरच्या कप्प्यात ठेवावं.

२. उतरायचं ठिकाण नेमकं सांगा. खानापूरच्या अलीकडे उतरायचं आणि ‘खानापूर द्या’ म्हणायचं, ही सवय बरी नाही. शून्य तिकिटावर छापलेल्या अंतराप्रमाणे सरकार महामंडळाला पैसे देतं. जास्तीचं अंतर दाखवलं तर तपासणीत कंडक्टर अडचणीत येतो.

३. तिकीट घेतल्याशिवाय बसू नका. ‘फुकट आहे, तिकीट कशाला?’ असं म्हणून बसलेल्या बाईला तपासनीस विनातिकीटच धरतो. शून्याचं का होईना, ते तिकीटच आहे आणि उतरेपर्यंत जपायचं आहे.

४. सामानाचं बघा. प्रत्येक प्रौढ प्रवाशाला ३० किलोपर्यंत स्वतःचं सामान मोफत. त्यावर आकार लागतो. बाजारच्या दिवशी दोन-दोन पोती घेऊन चढणाऱ्यांना हा हिशेब माहीत हवा. माणसाचं तिकीट शून्य असलं तरी जादा सामानाचं शून्य होत नाही.

परिवहनच्या या गाड्यांत निम्म्या जागा पुरुषांसाठी राखीव ठेवण्याचा नियमही योजनेतच आहे. सकाळच्या गर्दीत तो पाळला जात नाही, हे खरं. पण वयस्क पुरुष प्रवाशाने नियम सांगून जागा मागितली तर ती मागणी रास्त आहे.

सीमाभागात सर्वांत जास्त अडतं ते पत्त्यावर. चंदगड, गडहिंग्लज, कागलकडच्या मुली लग्न होऊन बेळगाव, खानापूर, निपाणीत येतात आणि आधारवर पत्ता माहेरचाच राहतो. अशा वेळी कंडक्टरने पूर्ण तिकीट मागितलं तर तो नियमाप्रमाणेच वागतोय. उपाय साधा आहे. माय-आधार संकेतस्थळावर पत्ता बदलण्याचा अर्ज करायचा. स्वतःच्या नावावर पत्त्याचा पुरावा नसेल तर ‘कुटुंबप्रमुख’ हा पर्याय निवडायचा, नवऱ्याचा आधार क्रमांक द्यायचा आणि नात्याचा पुरावा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला किंवा रेशनकार्ड जोडायचं. नवऱ्याने आपल्या खात्यातून ३० दिवसांच्या आत मंजुरी दिली पाहिजे. ही मंजुरी राहून जाते आणि अर्ज रद्द होतो, भरलेले पैसेही परत मिळत नाहीत. १ ऑक्टोबर २०२५ पासून हे शुल्क ७५ रुपये आहे. आधारला वेळ लागणार असेल तर सासरच्या पत्त्यावरचं मतदार ओळखपत्र आधी करून घ्यावं, तेही चालतं.

सीमा ओलांडताना: थेट जावं की तोडून

महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत महिलांना अर्ध तिकीट आहे. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती, आणि फक्त एसटीच्या गाडीत. परिवहनच्या बसमधून कागलच्या पुढे गेलात तरी ती मिळत नाही. उलट एसटीच्या गाडीत कर्नाटकातल्या अंतराला पूर्ण भाडं पडतं आणि शक्तीचा तिथे संबंध नाही.

आता हे प्रत्यक्ष मार्गावर लावून बघू.

बेळगाव ते कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर. यातला फार मोठा भाग कर्नाटकात आहे, कोगनोळीच्या पुढे कोल्हापूरपर्यंत जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर उरतात. २४ किलोमीटर धरले तर एसटीचे चार टप्पे, म्हणजे ४०.२० रुपये, त्याचे निम्मे २०.१०. म्हणजे या मार्गावर ‘महिलांना अर्ध तिकीट’ ऐकून एसटीच्या थेट गाडीत बसलेल्या बाईचे प्रत्यक्षात वीसेक रुपयेच वाचतात. खरी बचत बेळगाव-निपाणी या सुमारे ७५ किलोमीटरमध्ये आहे. तेवढं अंतर परिवहनच्या राज्यातल्या गाडीने शून्य तिकिटावर करायचं आणि निपाणीत एसटी धरायची. निपाणी ते सीमा पूर्ण भाडं, पुढे अर्धं.

पण निपाणीत गाडी बदलायला अर्धा तास सहज जातो आणि रात्री आठनंतर तर ही तोडजोड करूच नये. हातात लहान मूल, दवाखान्याची वेळ किंवा पुढे रेल्वे पकडायची असेल तर थेट गाडीचे पैसे मोजलेले बरे. वाचलेल्या पैशांपेक्षा चुकलेली गाडी महाग पडते.

बेळगाव-चंदगड मार्गावर चित्र उलटं आहे. बाचीच्या पुढे शिनोळी लागली की महाराष्ट्र सुरू होतो आणि उरलेला मोठा रस्ता तिकडेच आहे. इथे अर्ध्या तिकिटाचा लाभ बहुतेक अंतराला मिळतो, तेव्हा महिलांनी थेट एसटीच धरावी. बाचीपर्यंत शून्य तिकिटाने जाऊन सीमेवर ताटकळण्यात काही हशील नाही. संकेश्वर-गडहिंग्लज आणि कागवाड-मिरज हे मार्ग मुळातच आखूड, त्यामुळे तिथे जी गाडी आधी येईल ती घ्यावी.

पुरुष प्रवाशांना या तोडजोडीत काही मिळत नाही. उलट दोन तिकिटं काढल्याने दोनदा टप्पा आणि दोनदा पूर्णांक लागून थेट तिकिटापेक्षा थोडं जास्तच जातं. ज्येष्ठांचा हिशेब मात्र वेगळा आहे.

ज्येष्ठ, मुलं आणि दिव्यांग

कर्नाटकात वय ६० पूर्ण झालेल्या, राज्यात राहणाऱ्या ज्येष्ठांना भाड्यात २५ टक्के सवलत आहे. महाराष्ट्रात ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढे मोफत. ही मोफत सवलत २६ ऑगस्ट २०२२ पासूनची आणि तीही महाराष्ट्राच्या हद्दीतच. निपाणीच्या ६२ वर्षांच्या माणसाला परिवहनच्या बसमध्ये सवलत मिळते, एसटीत मिळत नाही. ७६ वर्षांच्या आजोबांना एसटीत सीमेपासून पुढे भाडं नाही, पण सीमेपर्यंतचं द्यावं लागतं. आधारवर नुसतं जन्मवर्ष असेल आणि तारीख नसेल तर वयावरून घोळ होतो, तेव्हा पूर्ण जन्मतारीख असलेलं कार्ड जवळ ठेवावं. कर्नाटकच्या पत्त्याचं कार्ड घेऊन एसटीत चढताना ते आधीच दाखवून सवलतीचं विचारून घ्या.

मुलांच्या वयातही दोन राज्यांत फरक आहे आणि त्यावरून जवळजवळ रोज कुठे ना कुठे वाद होतो. एसटीत ५ वर्षांखालचं मूल मोफत, ५ ते १२ अर्धं. परिवहनमध्ये ६ वर्षांखालचं मोफत, ६ ते १२ अर्धं. म्हणजे साडेपाच वर्षांच्या मुलाचं बेळगाव-खानापूर तिकीट लागत नाही, पण कोल्हापूर-गारगोटी एसटीत अर्धं लागतं. अंगाने थोराड मुलाचा जन्मदाखला किंवा आधार मोबाइलमध्ये नव्हे, कागदावर ठेवा.

दिव्यांगांसाठी परिवहनचा सवलतीचा पास राहत्या ठिकाणापासून १०० किलोमीटरपर्यंत चालतो. अर्ज कर्नाटक सरकारच्या सेवासिंधू संकेतस्थळावर करायचा आणि दरवर्षी नूतनीकरण करून घ्यायचं. मुदत संपायच्या महिन्यात खिडकीवर झुंबड उडते, त्याआधीच अर्ज टाकावा.

विद्यार्थी पास

मुली शक्तीवर जातात, त्यामुळे पासाचा प्रश्न मुख्यतः मुलांचा. आणि सीमेपलीकडून बेळगावात शिकायला येणाऱ्या मुलींचाही, कारण महाराष्ट्राच्या पत्त्यावर शक्ती मिळत नाही. त्यांनी प्रवेश घेतानाच कॉलेजच्या कार्यालयात आणि पासाच्या खिडकीवर आपल्या मार्गाला पास मिळतो का ते विचारून ठेवावं.

अर्ज सेवासिंधूच्या संकेतस्थळावरून होतो. घरी जमत नसेल तर ‘बेळगाव वन’, ‘ग्राम वन’ या सरकारी सेवा केंद्रांतून किंवा एखाद्या सायबर कॅफेतून भरून घेता येतो. शाळा आणि पीयूच्या (अकरावी-बारावीच्या) विद्यार्थ्यांना राज्याच्या विद्यार्थी नोंदणीतला सॅट्स क्रमांक लागतो, तो शाळेकडे असतो. पदवीच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठ प्रणालीतला क्रमांक. सोबत आधार, फोटो, आणि अनुसूचित जाती-जमातीचे विद्यार्थी असतील तर आरडी क्रमांक (दाखल्यावर छापलेला नोंद क्रमांक) असलेला जातीचा दाखला. अर्जाची शाळा-कॉलेजकडून पडताळणी झाली की भ्रमणध्वनीवर संदेश येतो, मग सांगितलेल्या खिडकीवर पैसे भरून पास घ्यायचा.

अर्ज अडकतो तो ठरावीक ठिकाणी. शाळेच्या नोंदीत नाव एक आणि आधारवर दुसरं: मराठी शाळेतल्या मुलांच्या बाबतीत नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळं असणं फार दिसतं. ते शाळेच्या नोंदीत मुख्याध्यापकांकडून दुरुस्त करून घेणं सोपं पडतं. दुसरी चूक मार्गाची. गावापासून कॉलेजपर्यंत थेट बस नसेल तर कुठे बदलायची ते ठिकाण अर्जात नीट निवडावं लागतं. जांबोटीकडच्या मुलाने ‘जांबोटी ते बेळगाव’ एवढंच भरलं आणि कॉलेज टिळकवाडीच्या पलीकडे असेल, तर शहर बसमध्ये वेगळं तिकीट पडतं. थांबा नेमका कॉलेजजवळचा निवडावा. पासवर छापलेला मार्ग तिथेच तपासावा, खिडकी सोडल्यावर दुरुस्तीला पुन्हा रांग लावावी लागते.

नोकरदारांनी महिन्याचा पास घ्यावा की रोज तिकीट काढावं, याचा हिशेब एका ओळीचा आहे. पासाच्या किमतीला येण्या-जाण्याच्या रोजच्या तिकिटाने भागा. समजा येऊन-जाऊन ७० रुपये लागतात आणि पास १४०० चा आहे, तर २० दिवस झाले. महिन्यात २० पेक्षा जास्त दिवस जाणार असाल तरच पास घ्या. ज्या महिन्यात गणपती, दिवाळी किंवा यल्लम्माची जत्रा येते, त्या महिन्यात सुट्ट्या वजा करूनच हा भागाकार करा.

पैसे देणं: यूपीआय आणि सुट्टे

परिवहनच्या बसमध्ये क्यूआर कोडवर पैसे देता येतात. बेळगाव शहरात आणि महामार्गावर अडचण नाही. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटीच्या पुढे कणकुंबी आणि चोर्ला घाटाकडे रेंज जाते, तिथे रोख पैसेच बरोबर हवेत. चढल्याबरोबर, गाडी स्थानकात असतानाच पैसे दिले तर निम्मा त्रास वाचतो.

पैसे खात्यातून गेले पण कंडक्टरकडे पोचले नाहीत, तर भांडू नका. व्यवहाराच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, १२ आकडी संदर्भ क्रमांक दिसला पाहिजे. तिकीट रोखीने काढा. अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तक्रार मात्र पैसे ज्या ॲपवरून दिले त्यावर किंवा आपल्या बँकेत करायची, कंडक्टरकडे नाही.

लांबच्या गाडीचं आगाऊ आरक्षण परिवहनच्या संकेतस्थळावर करताना दोन सवलती सुटून जातात. एकाच तिकिटावर चार किंवा जास्त प्रवासी असतील तर ५ टक्के, आणि जाण्यायेण्याचं एकदमच काढलं तर परतीच्या भाड्यावर १० टक्के. चौघांचं कुटुंब दोन-दोन जणांची दोन तिकिटं काढतं आणि पहिली सवलत हातची जाते.

तपासणी आणि तक्रार

तिकीट हातात आलं की लगेच बघा: कुठून-कुठे, मोठे किती, लहान किती, रक्कम किती. चूक त्याच वेळी सांगितली तर यंत्रावर दुरुस्त होते. कंडक्टरने मागे ‘बाकी’ लिहून दिलेले सुट्टे उतरण्यापूर्वी मागून घ्या. परिवहनच्या बसमध्ये विनातिकीट सापडल्यास भाड्याच्या दहापट किंवा जास्तीत जास्त ५०० रुपये दंड होतो.

जादा पैसे घेतल्याची किंवा शक्तीचं तिकीट नाकारल्याची तक्रार करायची तर तिकीट फेकू नका. त्यावर तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक असतो आणि तेवढ्यावरून गाडी, फेरी, कंडक्टर सगळं शोधता येतं. तिकीटच दिलं नसेल तर गाडीचा क्रमांक, वेळ आणि थांबा लिहून घ्या. कागलाच्या अलीकडची तक्रार असेल आणि गाडी एसटीची असेल, तर ती महाराष्ट्रातल्या त्या आगाराकडे जाते, बेळगाव स्थानकातल्या परिवहनच्या नियंत्रकाकडे नाही. अर्ज मराठीत दिला तरी चालतो, सोबत तिकिटाची प्रत जोडा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

गाड्या बंद पडतात तेव्हा

फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेवरून झालेल्या तणावामुळे दोन्ही राज्यांच्या आंतरराज्य फेऱ्या काही दिवस बंद होत्या. १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव, मराठी भाषकांचा काळा दिन) आणि बेळगावच्या सुवर्णसौधमधल्या कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या दिवसांतही फेऱ्या विस्कळीत होऊ शकतात. अशा दिवशी आपापल्या राज्यातल्या गाड्या बहुधा सुरूच असतात. परिवहनने निपाणी किंवा कोगनोळीपर्यंत जायचं, पुढचा तुकडा मिळेल त्या वाहनाने ओलांडायचा आणि कागलहून एसटी धरायची. चंदगडच्या बाजूला बाची आणि शिनोळी यांच्यामध्ये हेच करता येतं. परीक्षा, दवाखाना किंवा विमानाची वेळ असेल तर त्या दिवशी आगाऊ आरक्षणावर विसंबू नका, आदल्या दिवशी संध्याकाळी स्थानकात चौकशी करा आणि गरज पडल्यास रात्रीचा मुक्काम सीमेच्या योग्य बाजूला करा. फेरी महामंडळानेच रद्द केली असेल तर आरक्षणाचे पैसे परत मिळतात. संकेतस्थळावरून काढलेलं तिकीट असेल तर ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात येतात, खिडकीवरून काढलेलं असेल तर मूळ तिकीट घेऊन खिडकीवरच जावं लागतं.